हा ट्रक अस्सल कशावरून?

१९६७ ते १९७२ या काळात बनलेला शेवरलेचा सी-१० पिकअप अमेरिकेत विकायला निघाला, की जाहिरातीत तीन दावे ठळकपणे केलेले असतात. हौदा मुळातच आखूड आहे, ट्रक ‘शायॅन सुपर’ या उंची सजावटीचा आहे आणि त्यातलं मोठं व्ही-८ इंजिन कारखान्यात बसवलेलं आहे. या तीन दाव्यांवर किंमत ठरते. पण ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर लावलेल्या क्रमांकाच्या पट्टीवरून यांतला एकही दावा सिद्ध होत नाही.

व्हीआयएन, म्हणजे या पट्टीवरचा क्रमांक, ही गाडीची जन्मपत्रिका, ती वाचली की सगळं कळतं, अशी आपली समजूत असते. १९८१पासून अमेरिकेत सतरा अक्षरी क्रमांक आला, तेव्हापासून ती बऱ्याच अंशी खरी आहे. त्याआधी मात्र प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती आणि ट्रकच्या बाबतीत ती फारच त्रोटक होती. १९७०च्या एखाद्या शेवरले पिकअपचा क्रमांक सी, ई, १, ४, ०, झेड असा सुरू होतो. सी म्हणजे मागच्या दोन चाकांना गती देणारा ट्रक. चारही चाकांना गती मिळत असती तर तिथे के आला असता. ई म्हणजे व्ही-८ इंजिन. सहा सिलिंडरचं असतं तर एस. १ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग, ४ म्हणजे केबिन आणि हौदा असलेला पिकअप, ० म्हणजे १९७० साल, आणि झेड म्हणजे कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना. पुढे नुसता अनुक्रमांक. १९७२ साली सुरुवातीला आणखी एक अक्षर जोडलं गेलं: शेवरलेला सी, जनरल मोटर्सच्याच जीएमसी ट्रकांना टी. बस, एवढंच. व्ही-८ आहे हे कळतं. ३०७ क्यूबिक इंचांचं की ३५०चं, हे कळत नाही. पिकअप आहे हे कळतं. हौदा साडेसहा फुटांचा की आठ फुटांचा, ते नाही. सजावटीची पातळी, गिअरबॉक्स, एसी, रंग यांबद्दल ही पट्टी गप्प असते.

हा त्रोटकपणा त्या काळाला साजेसाच होता. तेव्हाचा ट्रक हे कामाचं अवजार होतं. शेतकरी, बांधकाम ठेकेदार, पशुपालक तो घेत आणि जास्तीचे पैसे मोजलेच तर जाड स्प्रिंगा, मोठा रेडिएटर, घसरणीच्या जागी अडकू न देणारा डिफरन्शियल यांच्यावर मोजत. पुढे पन्नास वर्षांनी कुणी या ट्रकची कुळकथा विचारेल, असं कारखान्यातल्या कारकुनाच्या स्वप्नातही आलं नसेल. स्पोर्ट्स मोटारींची कागदपत्रं निदान काही मालकांनी जपून ठेवली; ट्रकची कागदपत्रं ग्रीस, उंदीर आणि पावसाने खाल्ली.

आखूड हौद्याचं प्रकरण आधी घेतो, कारण फसगत सर्वात जास्त तिथे होते. या मालिकेतल्या अर्ध्या टनी ट्रकांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन प्रकारचं होतं: ११५ इंच आणि १२७ इंच. कामाला लांब हौदा बरा, म्हणून लोकांनी लांब हौद्याचे ट्रक भरपूर घेतले. आज हौशी मंडळींना आखूड हौदा देखणा वाटतो, त्याला भाव जास्त मिळतो. मग लांब चेसी कापायची, मधले बारा इंच काढायचे, पुन्हा वेल्डिंग करायचं आणि वर आखूड हौदा बसवायचा. यासाठी लागणारं तयार सामानही बाजारात मिळतं. काम नीट केलं असेल आणि विकताना सांगितलं असेल, तर माझा त्याला काहीच आक्षेप नाही. पण ते न सांगता ‘मुळातच आखूड’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे. ट्रक जॅकवर चढवून खाली झोपल्याशिवाय ती सापडत नाही. चेसीच्या आडव्या पट्ट्या कारखान्यात रिव्हेट मारून जोडलेल्या असत. रिव्हेटच्या जागी बोल्ट दिसले, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर घासून गुळगुळीत केलेली रेघ दिसली किंवा एका ठरावीक भागातच जाड काळा रंग फासलेला दिसला, तर तिथेच थांबावं.

लोखंडाची ही साक्ष पडताळायला कागदाची जोड लागते आणि शेवरले-जीएमसीच्या ट्रकांत हा कागद ग्लोव्ह-बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. त्याला सर्व्हिस पार्ट्स आयडेंटिफिकेशन लेबल, म्हणजेच एसपीआयडी म्हणतात. हेतू साधा होता: सुटा भाग मागवताना मेकॅनिकला नेमकं काय बसवलंय ते समजावं. त्या साध्या हेतूने आज या ट्रकांच्या इतिहासाचा सर्वात मोलाचा दस्तऐवज मागे ठेवला आहे. लेबलावर व्हीआयएन असतो, चाकांमधलं अंतर इंचांत असतं, रंग असतो आणि खाली कारखान्यात बसवलेल्या एकेका ऑप्शनचा सांकेतिक क्रमांक आणि छोटं वर्णन. सी-६० म्हणजे एसी. एन-४० म्हणजे पॉवर स्टिअरिंग. जी-८० म्हणजे लॉक होणारा डिफरन्शियल. झेड-८४ म्हणजे वरच्या पातळीची सजावट, जिला आधी सीएसटी आणि १९७१पासून पिकअपवर शायॅन म्हणत. वायई-९ म्हणजे शायॅन सुपर. दारावरची ‘शायॅन’ ही अक्षरं दोन स्क्रूंचं काम आहे. झाकणामागची झेड-८४ची ओळ मात्र कारखान्याने लिहिलेली आहे.

मात्र लेबलालाही मर्यादा आहेत. लेबलं नव्याने छापून देणारे लोक आहेत, आणि प्रामाणिक जीर्णोद्धारासाठी छापलेलं लेबल पुढच्या विक्रीत सहज ‘मूळ’ बनून जातं. ग्लोव्ह-बॉक्सचं झाकण तर दोन-चार स्क्रू काढले की हातात येतं. भंगारातल्या उंची ट्रकचं झाकण साध्या ट्रकला लावणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. म्हणून लेबलावरचा व्हीआयएन दारापाशी असलेल्या पट्टीशी आणि मालकीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवायचा. मग कागदाचं वय पाहायचं. पन्नास वर्षं सिगारेटचा धूर आणि उन्हाळे सोसलेला कागद पिवळट, कडांना तडकलेला असतो. जुनाट झाकणावर शुभ्र, करकरीत लेबल असेल तर विक्रेत्याला सरळ विचारायचं, की हे कुठून आणलं?

आणि लेबलच उरलं नसेल तर? शेवरलेच्या बाबतीत उत्तर निराशाजनक आहे. जनरल मोटर्सचं हेरिटेज सेंटर एखाद्या सालच्या मॉडेलची माहितीपुस्तिका देतं: कोणते रंग होते, कोणते ऑप्शन मिळत, किमती काय होत्या. आपल्या हातातल्या विशिष्ट ट्रकची नोंद त्यात नसते. पुष्कळ लोक ती पुस्तिका फाइलला लावून ‘कारखान्याची कागदपत्रं आहेत’ असं सांगतात. वाचणाऱ्याने हा फरक ओळखलाच पाहिजे. कॅनडात नव्याने विकल्या गेलेल्या गाड्या मात्र नशीबवान ठरल्या. तिथल्या जनरल मोटर्सने एकेका गाडीच्या नोंदी जपल्या, त्यामुळे व्हीआयएनवरून मूळ ऑप्शनांची यादी मिळवण्याची सोय झाली.

फोर्डच्या मालकांचं नशीब याहून पुष्कळ चांगलं. १९६७पासूनच्या गाड्यांची उत्पादन-नोंद फोर्डच्या परवान्याने केविन मार्टी यांच्या अ‍ॅरिझोनातल्या संस्थेकडे आहे. व्हीआयएन दिला की ‘मार्टी रिपोर्ट’ मिळतो: रंग, आतली सजावट, इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ट्रक कोणत्या विक्रेत्याकडे गेला, आणि मोठा अहवाल घेतला तर तारखा आणि एकेक ऑप्शन. जुन्या ब्रॉन्कोच्या बाजारात या अहवालाशिवाय आता पानही हलत नाही. शिवाय फोर्डचा व्हीआयएनही जास्त बोलका होता. एफ-१० म्हणजे एफ-१०० हे मॉडेल, आणि त्यापुढचं अक्षर थेट इंजिन सांगतं: वाय म्हणजे ३६० क्यूबिक इंच, एच म्हणजे ३९०. दारावरच्या पाटीत रंग, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स यांचे संकेत असतात आणि ट्रक कोणत्या विक्री-विभागाने मागवला त्याचाही क्रमांक.

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी मुळात शेती-अवजारांची. तिने हलके ट्रक बनवणं कधीच बंद केलं. पण तिच्या स्काउट आणि पिकअपच्या प्रत्येक नगासाठी ‘लाइन सेटिंग तिकीट’ निघत असे. जोडणीच्या रांगेवरच्या कामगाराला या नगात काय काय बसवायचं ते सांगणारी ही यादी. त्या तिकिटांच्या प्रती आजही व्हीआयएनवरून मिळवता येतात. एका बंद पडलेल्या धंद्याची नोंदवही शाबूत आणि त्या काळच्या जगातल्या सर्वात मोठ्या मोटार कंपनीची नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

डॉजबद्दल थोडक्यात. १९७८ आणि १९७९ साली निघालेला ‘लिल रेड एक्स्प्रेस’ हा लाल ट्रक पहिल्या वर्षी २,१८८ आणि दुसऱ्या वर्षी ५,११८ एवढाच बनला. लाल रंग, हौद्याला लाकडी पट्ट्या आणि केबिनमागे उभी दोन धुराडी. हे सगळं साध्या डॉज ट्रकवर चढवता येतं, म्हणून तिथेही व्हीआयएन आणि पाटीवरचे संकेत तपासल्याशिवाय लाल रंगावर भाळू नये.

आता इंजिन. ‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्द कॉर्व्हेट आणि कॅमॅरोच्या जगातून ट्रकांच्या बाजारात आला आणि त्याने फार घोळ घातला. त्या मोटारींच्या इंजिनावर गाडीच्या व्हीआयएनचा काही भाग ठोकलेला असतो, म्हणून जुळणी करता येते. या काळातल्या कितीतरी शेवरले ट्रकांच्या इंजिनावर तसा क्रमांक नसतोच. मग जुळवायचं काय? तारखा. ब्लॉक ओतला गेला त्याची तारीख लोखंडातच उमटलेली असते: ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. सी १२ ० म्हणजे १२ मार्च १९७०. किंवा १९८०, कारण आकडा एकच आहे. इंजिन जोडलं गेलं ती तारीख वेगळी. ती उजव्या हेडच्या पुढे असलेल्या सपाट जागी ठोकलेली असते, आधी कारखान्याचं अक्षर, मग महिना आणि दिवस, मग कोणत्या कामासाठी हे इंजिन होतं त्याची अक्षरं. व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा. मोठ्या घडणीची ३९६ आणि ४०२ इंजिनं टोनावांडात बनत. तसल्या इंजिनावर व्ही ठोकलेलं दिसलं तर काहीतरी गडबड आहे. ओतकाम आधी, जोडणी नंतर, ट्रक त्यानंतर, असा क्रम लागला पाहिजे आणि मधलं अंतर पटण्याजोगं असलं पाहिजे. ऑल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर, सीटबेल्टवरचं लेबल, काचांवरच्या खुणा यांच्याही तारखा असतात. त्या सगळ्या एकाच हंगामातल्या निघाल्या, तर तो ट्रक फारसा उघडला गेलेला नाही असं धरायला हरकत नाही.

इथेही हातचलाखी होते. ब्लॉकचं फेसिंग केलं की ठोकलेली अक्षरं पुसली जातात, मग नवी ठोकता येतात. मूळ पृष्ठभागावर यंत्राच्या पात्याने उमटलेल्या बारीक समांतर रेघा असतात; नव्याने ठोकलेल्या अक्षरांखाली त्या सहसा दिसत नाहीत. भिंग आणि तिरपा टॉर्च एवढ्या सामानावर हे कळतं.

नुसत्या बाह्यरूपावरून इंजिन ओळखू नये, हे फोर्डच्या उदाहरणाने चांगलं समजतं. ३६० आणि ३९० या दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास सारखाच, ४.०५ इंच. फरक पिस्टनच्या चालीत: एकाची ३.५० इंच, दुसऱ्याची ३.७८. बाहेरून दोघं जुळे भाऊ. म्हणून ३६०चा ट्रक ३९० म्हणून खपवला जातो, कधी लबाडीने तर कधी मालकालाही माहीत नसल्याने. स्पार्क प्लग काढून, आत काडी घालून, इंजिन हाताने फिरवलं आणि चाल मोजली की वाद मिटतो. शेवरलेने तर नावांचाच गोंधळ घातला. १९७०मध्ये ३९६चं इंजिन ४०२ क्यूबिक इंचांचं झालं, पण नाव ३९६च राहिलं. पुढे ट्रकांवर त्याच इंजिनाला ४०० असा बिल्ला लागला. १९७१च्या ट्रकवर ४००चा बिल्ला आणि आत ४०२चं इंजिन ही खोट नाही, तसंच असायला हवं.

कागद हरवला आणि इंजिन बदललं, तरी केबिनचा पत्रा बोलतोच. शेवरले आणि जीएमसीच्या या ट्रकांत कारखान्यातून एसी आला असेल तर डॅशबोर्डच वेगळा असे, हवा यायच्या मोठ्या झरोक्यांचा, आणि इंजिनच्या बाजूच्या पत्र्याला त्यासाठी वेगळं मोठं भोक. विक्रेत्याने नंतर बसवलेला एसी डॅशबोर्डखाली लटकलेला असतो. दोन्ही जुने, दोन्ही त्या काळातलेच, पण पहिला कारखान्याचा ऑप्शन आणि दुसरा दुकानाची जोड. दुसरा एसी लेबलावर सापडणार नाही आणि सापडू नयेच. सालागणिक झालेले बदलही असेच उपयोगी पडतात. बाजूचे छोटे दिवे १९६८च्या ट्रकांपासून सक्तीचे झाले, म्हणून १९७०च्या ट्रकच्या सपाट बाजूंच्या हौद्याला त्यांची जागाच नसेल तर हौदा १९६७चा आहे किंवा भोक बुजवलंय. पुढचे डिस्क ब्रेक १९७१पासून नेहमीचे झाले आणि त्याच साली मागच्या दोन चाकांना गती देणाऱ्या अर्ध्या टनी ट्रकांच्या चाकांना सहाऐवजी पाच नट आले. मागचं सस्पेन्शन शेवरलेत गुंडाळी स्प्रिंगांवर आणि जीएमसीत पाट्यांवर असे, पण एकमेकांची पद्धत ऑप्शन म्हणून घेता येई. त्यामुळे शेवरलेखाली पाट्या दिसल्या म्हणून लगेच खोटं ठरवू नये, लेबल पाहावं.

मूळ रंग शोधायचा तर ट्रक चमकतो तिथे पाहू नये. पेट्रोलची टाकी तेव्हा केबिनच्या आत, सीटच्या मागे असे. त्या टाकीमागचा पत्रा, डॅशबोर्डची खालची कड, दाराच्या रबराखालची पट्टी, तिथे रंगाऱ्याची बंदूक सहसा पोचत नाही. म्हणूनच मला चकचकीत जीर्णोद्धार केलेल्या ट्रकपेक्षा रंग उडालेला, डबर्‍या पडलेला, पण न उघडलेला ट्रक जास्त मोलाचा वाटतो. रंग पुन्हा देता येतो. घासून काढलेला पुरावा परत येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८मध्ये जोडणीचा कारखाना काढला आणि १९५४पर्यंत तिथून शेवरलेच्या मोटारी व ट्रक निघाले. त्याच १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. १९६९मध्ये करार संपला आणि ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटांचं टी हे अक्षर आलं. पण आपल्याकडचे बहुतेक ट्रक कारखान्यातून काउल लावलेल्या उघड्या चेसीच्या रूपातच निघत. केबिन आणि हौदा बांधायचा तो गावचा बॉडीबिल्डर, सुतार आणि पेंटर. अशा ट्रकला अमेरिकेचा मापदंड लावून ‘कारखान्याची केबिन कुठे आहे’ असं विचारणं चूक आहे. इथे पहिल्या मालकाने बांधून घेतलेली लाकडी बॉडी हेच अस्सल रूप, आणि त्याचा पुरावा जुन्या फोटोत किंवा बॉडीबिल्डरच्या छोट्या पत्र्याच्या पाटीवर सापडतो.

एका बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तिथल्या मालकी-कागदावर व्हीआयएन असतो. आपल्या आरसीवर चेसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन बदललं तर ते आरटीओत नोंदवावं लागतं. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला छाप आपल्या जुन्या फायलींत असतो. त्या छापावरून आकड्यांची ठेवणसुद्धा ताडून पाहता येते. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. म्हणजे अस्सलपणा हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही, तो नोंदणीची अट झाला आहे. जुन्या जीप आणि पिकअपच्या मालकांनी तरी हे गंभीरपणे घ्यायला हवं.

तुमच्या वाड्यात, गोठ्यामागे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असा एखादा ट्रक उभा असेल, तर मिस्त्रीला हात लावू देण्याआधी एक सकाळ काढा. प्रत्येक पाटीचा, ठोकलेल्या प्रत्येक नंबरचा, चिकटलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा. चेसी नंबरचा पेन्सिलने छाप घ्या आणि तो जुन्या आरसीसोबत ठेवा. मोडलेलं ग्लोव्ह-बॉक्सचं झाकण भंगारात देऊ नका.